हाकेला ओ : बटण दाबल्यावर वेबपानाच्या आत काय घडते

रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आणि गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांची तिकिटाची धांदल चतुर्थीच्या दोन महिने आधीवर येऊन ठेपली. सकाळी आठ वाजता आरक्षण खुले होते, आणि त्या घटकेला मुंबई, ठाणे, विरारकडच्या असंख्य घरांत माणसे मोबाइल हातात धरून एकाच बटणावर डोळे लावून बसलेली असतात. बटण दाबावे, पडद्यावर काहीच हलू नये, म्हणून ते पुन्हा दाबावे आणि मग पोटात गोळा यावा, की पहिले दाबणे पोचले होते का आणि दोन्ही पोचली असतील तर पैसे दोनदा जातील का, हा अनुभव तिकिटापुरता नाही. वीजबिलाच्या, परीक्षेच्या अर्जाच्या किंवा गॅसच्या नोंदणीच्या कोणत्याही पानावर तो येऊ शकतो. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ किंवा ‘रेंज नाही’ एवढे म्हणून आपण विषय संपवतो. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु बोट आणि दूरचा सर्व्हर यांच्यामध्ये आणखी एक टप्पा असतो, तो आपल्याच फोनमध्ये घडतो, आणि कोड्याचा मोठा भाग तिथे दडलेला असतो.

मी रत्नागिरीत राहून वेबपाने तयार करण्याचे काम करतो. देवगडजवळ माझ्या मामेभावाची हापूसची कलमे आहेत, आणि त्याला थेट गिऱ्हाइकांकडून पेट्यांची मागणी घेता यावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी त्याला एक पान करून दिले. त्या पानात मी केलेल्या चुका या लेखाला फार उपयोगी पडणार आहेत.

## पान वाट पाहत असते

उघडून झालेले वेबपान बहुतेक वेळ काहीच करत नसते. दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट पाहणारी माणसे दोन तऱ्हांची असतात. एक जण दर मिनिटाला उठून खाडीकडे नजर टाकून येतो. दुसरा टपरीवाल्याला ‘बोट लागली की हाक मारा’ असे सांगून ठेवतो आणि सावलीत पेपर वाचत बसतो. वेबपान या दुसऱ्या माणसासारखे वागते. बोट टेकणे, कळ दाबणे, पान वर सरकवणे, एखाद्या खान्यात अक्षर उमटणे, फोन आडवा धरणे अशा प्रत्येक गोष्टीला प्रोग्रॅमरांच्या भाषेत ‘इव्हेंट’ म्हणतात. आपण तिला घटना म्हणू. अमुक घटना घडली की अमुक काम करायचे, असे आधी सांगून ठेवणे म्हणजे ‘लिसनर’ लावणे. या लेखापुरते हे दोन शब्द पुरेसे आहेत.

हे सांगून ठेवणे ज्या भाषेत लिहितात ती जावास्क्रिप्ट, ब्रेंडन आइक यांनी ब्राउझर, म्हणजे वेबपाने दाखवणारा प्रोग्रॅम, बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीत असताना मे १९९५ मध्ये दहा दिवसांत पहिल्या रूपात उभी केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून माहिती इतकी सावकाश जाई, की अर्जात एक खाना रिकामा राहिला आहे हे कळण्यासाठी सगळा अर्ज दूरवर पाठवून उत्तराची वाट पाहणे भलतेच महागात पडत असे. चूक जागच्या जागी, अर्ज पाठवण्यापूर्वीच दाखवता यावी, हा जावास्क्रिप्टचा अगदी सुरुवातीचा उपयोग होता, आणि त्यासाठी पानाला माणसाची हालचाल ऐकू येणे भाग होते.

## हाक पोचते कशी

काचेवर बोट टेकले की पडद्याखालचे संवेदक त्याची जागा फोनच्या मूळ प्रणालीला कळवतात, आणि प्रणाली ती ब्राउझरच्या हवाली करते. त्या जागी सर्वांत वर कोणता घटक आहे, हे ब्राउझर शोधून काढतो. बटण स्वच्छ दिसत असूनही दबत नाही, असे कधी कधी होते, तेव्हा बटणावर एखादा पारदर्शक थर, बहुधा नीट न मिटलेली जाहिरात, पसरलेला असतो आणि तुमचे बोट त्या थराला लागत असते. घटक सापडला की ब्राउझर घटनेची एक छोटी चिठ्ठी तयार करतो. घटना कोणती, कोणत्या घटकावर घडली, कोणत्या क्षणी आणि पडद्याच्या कोणत्या बिंदूवर, हे सारे तीत असते. त्या घटकावर त्या घटनेचा लिसनर लावलेला असेल, तर त्याच्या हाती ही चिठ्ठी पडते आणि ठरलेले काम सुरू होते.

इथे नवशिके हमखास एक चूक करतात आणि मीही ती केली. मामेभावाचे पान पहिल्यांदा उघडले तेव्हा कोणी काही दाबण्याआधीच ‘आपली मागणी नोंदवली आहे, धन्यवाद’ अशी पाटी झळकली. कारण क्षुल्लक होते. लिसनर लावताना करायच्या कामाचे नुसते नाव द्यायचे असते, आणि मी नावापुढे कंसांची जोडी टाकली होती. जावास्क्रिप्टमध्ये त्या कंसांचा अर्थ ‘आत्ताच कर’ असा होतो. टपरीवाल्याला ‘बोट आली की हाक मारा’ म्हणण्याऐवजी मी त्याला तिथल्या तिथे हाक मारायला लावली होती. काम सांगून ठेवणे आणि काम करवून घेणे यांतला हा भेद ज्याला कळला, त्याला या विषयातील निम्मे तरी कळले असे मी मानतो.

## जिल्हा, तालुका, गाव, वाडी, घर

वेबपानाची रचना चौकटीत चौकट अशी असते. संपूर्ण पानात आंब्यांची यादी, यादीत एकेका पेटीची ओळ आणि त्या ओळीत ‘घ्या’ असे लिहिलेले बटण. मी ते बटण दाबले, तर दाबले काय? बटण तर दाबलेच, पण बटण ज्या ओळीत आहे ती ओळही दाबली, आणि यादीही. मग सर्वांचे लिसनर लावलेले असतील तर आधी कोणाचा ऐकायचा?

गेल्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावर दोन कंपन्यांची दोन उत्तरे होती. नेटस्केपने घटना वरून खाली आणली, पानापासून बटणापर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने तिला खालून वर नेले, पाण्याच्या तळातून बुडबुडा वर यावा तशी. त्यामुळे एकच पान दोन ब्राउझरांत चालवायचे तर दोनदा लिहावे लागे. नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने जो तोडगा मान्य केला, त्यात दोन्ही मार्ग एकापाठोपाठ ठेवले, आणि आजचे सर्व ब्राउझर तोच क्रम पाळतात.

टपालाच्या उदाहरणाने हा क्रम चांगला ध्यानात राहतो. मुंबईहून निघालेले पत्र जिल्हा, तालुका, गाव, वाडी असे उतरत घरी येते. घटनाही तशीच आधी पानावरून खाली उतरत बटणापर्यंत येते. नंतर घरात काही कमीजास्त झाले तर बातमी जशी घरातून वाडीत, वाडीतून गावात आणि पुढे तालुक्याला जाते, तशी ती बटणापासून वर चढत जाते. बहुतेक लिसनर ही वर जाणारी बातमी ऐकतात.

हे वर जाणे फार उपयोगाचे असते. मामेभावाच्या पानावर हंगामात चाळीसेक प्रकारच्या ओळी असतात: पाच डझनी, सहा डझनी, कच्चा, तयार, शिवाय फणसपोळी आणि कोकम. सुरुवातीला मी प्रत्येक बटणाला वेगळा लिसनर लावला होता. मामेभावाने नवीन ओळ घातली, की तिचे बटण मुके निघे, कारण लिसनर लावण्याचे काम आधीच होऊन गेलेले असे. आता सगळ्या यादीला मिळून एकच लिसनर आहे. कोणतेही बटण दाबले तरी बातमी वर यादीपर्यंत येते, आणि चिठ्ठीवर मूळ घराचा पत्ता असतोच, त्यामुळे कोणती पेटी हवी ते लगेच कळते. वाडीच्या तोंडाशी एक माणूस बसला की घरोघरी राखणदार ठेवावा लागत नाही.

बातमी वाटेत अडवण्याचीही सोय आहे, पण ती जपून वापरावी. एकाने आपल्या सोयीसाठी घटना अडवली, की वरच्या पातळीवर तिची वाट पाहणारे दुसऱ्याचे काम बिनआवाज बंद पडते, आणि ते का पडले हे शोधण्यात दिवस जातो.

## ब्राउझरला ‘राहू दे’ म्हणणे

काही कामे ब्राउझर कोणी न सांगता करतो. दुव्यावर बोट ठेवले की नवे पान उघडणे, अर्जाचे बटण दाबले की अर्ज पाठवणे, बोट ओढले की पान सरकवणे ही त्याची अंगभूत कामे. लिसनरला त्याला थांबवता येते. अर्जात चूक असेल तर पाठवणे थांबवून ती चूक दाखवणे, हा त्याचा रास्त उपयोग.

गैरवापरही पुष्कळ होतो. बँकेचा खातेक्रमांक चिकटवू न देणारी पाने आणि मजकुरावर उजवे बटण चालू न देणारी पाने याच सोयीचा आधार घेतात. खातेक्रमांक हाताने टाइप करायला लावल्याने तो अधिक बिनचूक येतो, हे मला आजवर पटलेले नाही. उलट बारा-पंधरा आकडे हाताने उतरवताना चूक होण्याचीच शक्यता अधिक. उजवे बटण बंद केल्याने मजकुराची चोरीही थांबत नाही, कारण मजकूर आधीच वाचकाच्या यंत्रात येऊन पडलेला असतो.

या सोयीची एक छुपी किंमतही आहे. बोटाने पान सरकवण्याच्या घटनेवर लिसनर असेल, तर तो ‘राहू दे’ म्हणणार की नाही हे कळेपर्यंत ब्राउझरला थांबावे लागते, आणि पान अडखळत सरकते. फेरीबोट सुटण्याच्या बेतात असताना ‘कोणी उतरणार आहे का?’ असे विचारून प्रत्येक वेळी उत्तराची वाट पाहावी, तसा हा प्रकार. म्हणून २०१६ पासून क्रोममध्ये लिसनर लावतानाच ‘मी अडवणार नाही’ असे लिहून देण्याची सोय झाली. असा लिसनर घटना ऐकतो, पण बोटीला थांबवून ठेवत नाही.

## लिलाव पुकारणारा एकच

आता मूळ तक्रारीकडे येऊ: बटण दाबले आणि काहीच घडले नाही.

हर्णै बंदरावर होड्या लागल्या की वाळूत मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. कल्पना करा की त्या दिवशी पुकारणारा एकच आहे. सुरमईच्या एका ढिगावर घासाघीस लांबली, तर शेजारी बांगड्याचा ढीग घेऊन बसलेल्या बाईला नुसते ताटकळावे लागते. तिचा आवाज पुकारणाऱ्याच्या कानी पडत नाही असे नाही. तिची पाळी आलेली नसते.

वेबपानात जावास्क्रिप्टचे काम असे एकाच रांगेत चालते. एका वेळी एक काम, आणि ते पुरे झाल्याशिवाय दुसरे सुरू होत नाही. पडदा नव्याने रंगवण्याचे कामही त्याच रांगेत असते, आणि सगळी गोम इथेच आहे. एखादे काम दोन सेकंद चालले, तर त्या दोन सेकंदांत दाबलेले बटण दबल्यासारखेसुद्धा दिसत नाही. तुमची हाक रांगेत व्यवस्थित नोंदली गेलेली असते, पण ओ देणारा गुंतलेला असतो. आपण चिडून पाच वेळा बोट आपटतो, आणि रांगेत पाच हाका जमा होतात.

सर्वसाधारण पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, म्हणजे एका फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. सलग ५० मिलिसेकंदांहून अधिक चालणाऱ्या कामाला ब्राउझर बनवणारे ‘लांब काम’ समजतात. संगणक वापरण्याच्या सुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ मध्येच लिहून ठेवले होते, की दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. गूगलने मार्च २०२४ पासून पानांची गुणवत्ता मोजताना दाबल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ हा एक प्रमुख निकष धरला आहे. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगले, ५०० च्या पुढे वाईट.

दूरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणे मात्र रांग अडवत नाही. ते टपरीवाल्याला सांगून ठेवण्यासारखेच आहे. उत्तर आले की तीही एक घटना होऊन रांगेत येते. म्हणून रेंज मंद असली तरी बटणाने निदान ‘ऐकले, थांबा’ एवढे तरी तत्काळ म्हणायला हवे. तेही होत नसेल, तर दोष रेंजकडे नाही, पान लिहिणाऱ्याकडे आहे.

माझा दोष असा होता. आंबे कुठे पाठवायचे हे विचारताना टपाल कार्यालयाचे नाव सुचवणारा एक खाना मी ठेवला होता. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत, आणि गिऱ्हाइकाने एकेक अक्षर टाकताच मी ती सगळी यादी चाळून सापडलेली नावे पडद्यावर पुन्हा मांडत होतो. माझ्या संगणकावर सारे सुरळीत चाले; मामेभावाच्या जुन्या फोनवर अक्षर टाकले की ते दिसायला सेकंद लागे. उपाय वडापच्या गाडीकडून घेतला. वडाप प्रत्येक उतारूसाठी सुटत नाही. माणसे यायची थांबली आणि थोडा वेळ कोणीच आले नाही, की निघते. तसे, शेवटच्या अक्षरानंतर ३०० मिलिसेकंद शांतता असेल तरच यादी चाळायची, आणि पहिली दहा नावेच दाखवायची. यालाच ‘डिबाउन्स’ म्हणतात. याचा भाऊ ‘थ्रॉटल’ हा एसटीसारखा असतो: उतारू कितीही असोत, ठरलेल्या वेळेच्या आधी दुसरी गाडी नाही. पान सरकवण्यासारख्या, सेकंदात अनेक वेळा घडणाऱ्या घटनांना तो योग्य.

जुन्या मोबाइल पानांवर दर स्पर्शामागे साधारण ३०० मिलिसेकंदांचा खोळंबा असे, त्याचे कारण वेगळे होते. दोनदा टिचकी मारून पान मोठे करण्याची सोय असल्यामुळे, दुसरी टिचकी येते का हे पाहण्यासाठी ब्राउझर थांबत. पडद्याच्या रुंदीप्रमाणे बांधलेल्या पानांसाठी क्रोमने २०१४ मध्ये ते थांबणे काढून टाकले.

## ‘आमच्याकडे रेंजच नसते, त्याचे काय?’

आक्षेप बरोबर आहे आणि कोकणात तो अधिकच बरोबर आहे. पावसाळ्यात घाटाखालच्या वाड्यांत फोन खिडकीच्या गजाला लावून बोलावे लागते. अशा मंद जाळ्यावर पानाचे दिसणे आणि पानाला ऐकू येणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडतात. मजकूर आणि बटणे आधी उतरतात, जावास्क्रिप्टची फाइल मागाहून येते, आणि ती येऊन चालल्याशिवाय लिसनर लागत नाहीत. मधल्या काळात दाबलेले बटण कोणीही ऐकत नाही, ती हाक वाया जाते. नंतर लिसनर लागला तरी जुनी हाक त्याला मिळत नाही.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. दुवे आणि अर्ज ही ब्राउझरची अंगभूत कामे असल्याने ती जावास्क्रिप्टविना चालतात. पान आधी त्यांच्या आधारावर उभे करावे आणि जावास्क्रिप्टची सोय वरून घालावी, म्हणजे फाइल पोचली नाही तरी मागणी नोंदवली जाते. आजकाल अनेक पाने याच्या उलट क्रमाने बांधली जातात. ज्यांच्याकडे कार्यालयात वेगवान जाळे असते त्यांना त्याचा त्रास जाणवत नाही.

## ‘दोनदा दाबले तर पैसे दोनदा जातात का?’

पान आणि सर्व्हर दोन्ही नीट लिहिलेले असतील तर जात नाहीत. पहिल्या दाबण्यासरशी पानाने बटण निष्क्रिय करून त्यावर ‘थांबा’ असे लिहायला हवे. एवढ्याने भागते असे समजून मी थांबलो होतो, आणि एका हंगामात दादरच्या एका गिऱ्हाइकाकडे एकाऐवजी दोन पेट्या गेल्या. त्यांनी दुसरीही पैसे देऊन ठेवून घेतली, हा त्यांचा चांगुलपणा. झाले असे होते, की मागणी पोचली पण तिचे उत्तर वाटेत हरवले, म्हणून त्यांनी पान नव्याने उघडून अर्ज पुन्हा पाठवला. पहिल्या वेळचे बटण निष्क्रिय झाले होते, याचा दुसऱ्या वेळी काही उपयोग नव्हता.

म्हणून खरा बंदोबस्त सर्व्हरवर करावा लागतो. गिऱ्हाइकाने मागणी भरायला घेतली की तिला एक स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि ती पुरी होईपर्यंत तो फोनमध्ये जपून ठेवायचा, म्हणजे पान मिटून पुन्हा उघडले तरी तोच राहतो. त्या क्रमांकाची मागणी दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुन्या नोंदीचेच उत्तर परत द्यायचे. ‘पान मागे नेऊ नका, पुन्हा ताजे करू नका’ अशी सूचना जिथे तिथे दिसते, ती पाळावी. परंतु सगळी भिस्त त्या सूचनेवरच असेल, तर सर्व्हर लिहिणाऱ्याने आपले काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातले असे म्हणायला हवे.

## मराठीत लिहू लागलो की

इंग्रजी टाइप करताना कळ आणि अक्षर यांची जोडी सरळ असते. मोबाइलवर मराठी लिहिताना ती तशी राहत नाही. आपण रोमन अक्षरांतून उच्चार देतो किंवा बोटाने अक्षर गिरवतो, आणि कीबोर्ड मधल्या मध्ये शब्द जुळवत असतो. त्या वेळी ‘कळ दाबली’ या घटनेच्या चिठ्ठीवर खऱ्या अक्षराऐवजी २२९ हा एकच सांकेतिक आकडा येतो. कळा ऐकून नाव तपासणारे पान इथे बहिरे होते. त्याऐवजी ‘खान्यातला मजकूर बदलला’ ही घटना ऐकावी आणि शब्द जुळून पुरा होण्याची वाट पाहावी; या दोन्हींसाठी वेगळ्या घटना उपलब्ध आहेत.

लांबी मोजण्यातही असाच घोळ होतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपण चार अक्षरांचे धरतो, परंतु जावास्क्रिप्ट त्याची लांबी १० सांगते, कारण तिच्या लेखी ज, हलन्तचिन्ह, ञ, काना अशी प्रत्येक खूण वेगळी असते. ‘नाव वीस अक्षरांत लिहा’ असा नियम ठेवणारे पान इंग्रजी नावाला वीस अक्षरे देते, आणि मराठी नावाला प्रत्यक्षात आठदहाच. ‘फक्त अक्षरेच चालतील’ असे तपासणारी पाने तर कधी कधी काना, मात्रा आणि वेलांटीलाच हाकलून देतात, कारण यांची गणना अक्षरांत होत नाही, चिन्हांत होते.

## ‘बोटाने दाबता येते, मग आणखी काय हवे?’

सर्वांना बोटाने दाबता येत नाही. काही जण कळफलकावरच्या टॅब आणि एंटर या कळांनी पान हाताळतात, काही जण पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने. खरे बटण एंटर किंवा स्पेसनेही दबते, आणि ‘क्लिक’ ही घटना तेव्हाही घडते. नुसत्या रंगीत चौकटीला लिसनर लावून बटणाचे सोंग दिले, तर ते फक्त बोटाला आणि माऊसलाच कळते. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. त्यामुळे हा विषय आता सौजन्यापुरता राहिलेला नाही.

## ‘म्हणजे पान माझ्यावर नजर ठेवते?’

ठेवू शकते, आणि हे लपवून उपयोग नाही. अर्ज पाठवण्याआधीच, अक्षर उमटल्याबरोबर, ते पानाला कळते. तुम्ही लिहून खोडलेला फोन क्रमांकही त्याने वाचलेला असू शकतो. माऊस कुठे रेंगाळला आणि लेख कुठपर्यंत सरकवला, हेही त्याला ऐकू येते. शिवाय पानात दुसऱ्या कंपनीची जावास्क्रिप्ट घातलेली असेल, तर तिलाही तेच कान मिळतात.

या कानांना मर्यादाही आहेत. एका टॅबमधले पान दुसऱ्या टॅबमधल्या कळा ऐकू शकत नाही, आणि फोनवरच्या इतर अॅपमधला स्पर्शही त्याला कळत नाही. विक्रीच्या पानावर कार्डाचा क्रमांक लिहिण्याचा खाना बहुधा पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या वेगळ्या चौकटीत ठेवलेला असतो, त्याचे कारण हेच. दुसऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीतली घटना भोवतीच्या पानापर्यंत वर चढत नाही. वाडीतली बातमी गावात जाते, पण परक्या तालुक्यात जात नाही.

मग तिकिटे पळवणारे यांत्रिक दलाल ओळखता येत नाहीत का, असेही विचारले जाते. प्रत्येक घटनेच्या चिठ्ठीवर ती ब्राउझरकडून आली की पानातल्या प्रोग्रॅमने बनवली, याची खूण असते. पण ब्राउझरलाच बाहेरून चालवणारी साधने वापरली, तर त्यांचे दाबणे ब्राउझरला खरेच वाटते, त्यामुळे या एका खुणेवर विसंबता येत नाही.

ज्यांना हे स्वतः पाहायचे असेल त्यांनी संगणकावर क्रोममध्ये कोणतेही पान उघडून एफ-१२ ही कळ दाबावी, ‘एलिमेंट्स’ या भागात जावे आणि एखादे बटण निवडून बाजूचा ‘इव्हेंट लिसनर्स’ हा रकाना पाहावा. त्या बटणाच्या हाकेकडे कोण कोण कान लावून बसले आहे, त्याची यादी तिथे मिळते. बातम्यांच्या काही पानांवर ती वाचताना बोट थकते. मामेभावाच्या पानावर आता मी लावलेले लिसनर तीनच दिसतात: अर्जावर पाठवण्याचा, पेट्यांच्या यादीवर दाबण्याचा आणि टपाल कार्यालयाच्या खान्यावर मजकूर बदलण्याचा.